मार्गदर्शकाचे मत आणि विद्यार्थिनीची मापे



इरावती कर्वे १९२८ साली संशोधनासाठी बर्लिनला गेल्या. वंशावंशांत उच्चनीचता असते, अशी त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर यांची धारणा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या. त्या मापांत या धारणेला आधार मिळाला नाही. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हाती त्यांच्याच मताविरुद्ध, त्यांनी प्रबंधात तसे नोंदविले. पुढे ‘युगान्त’साठीही त्यांनी भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्तीच आधाराला घेतली, ऐकीव कथांवर विसंबल्या नाहीत.

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांत पूर्वसंशोधनाचा आढावा असतो. विषय आहाराचा असो, शिक्षणाचा वा संतसाहित्याचा. उतारे सुवाच्य असतात, पण ते कोणाचे आणि पडताळले कोणी, ही जागा बहुधा कोरीच राहते.