शोभेचे मासे : पाणी पाहून जात निवडा



शोभेच्या माशांची पैदास घरच्या घरी करून चार पैसे मिळतील का, असे हल्ली बेल्हे, आळे, आणे या भागातली तरुण मंडळी आणि भगिनी विचारतात. मिळतील. पण पहिल्याच पायरीला बरेचजण घसरतात. दुकानात जो मासा डोळ्यांत भरतो तोच महागाची जोडी म्हणून घरी येतो, आणि महिन्याभरात टाके रिकामे होते. म्हणून आज फक्त एकाच गोष्टीवर बोलू : कोणती जात निवडावी.

बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात बैल घेताना आपण नुसता रंग पाहत नाही. दात पाहतो, खांदा पाहतो, चार पावले चालवून बघतो. शिवाय आपली जमीन भारी की हलकी, हेही मनात असते. माशाचेही तसेच आहे. त्याची जमीन म्हणजे पाणी.

तेव्हा आधी आपले पाणी ओळखा. ज्या पाण्यात साबणाला फेस कमी येतो आणि तापवायच्या भांड्याला आतून पांढरा थर बसतो, ते जड पाणी. त्यात चुन्याचा अंश जास्त. विहिरी-बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी असेच असते. डिस्कस, निऑन टेट्रा हे मासे दिसायला फार देखणे. पण ते मऊ पाण्यातले. जड पाण्यात निऑनची अंडी उबत नाहीत. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

याउलट गप्पी, मोली, प्लेटी आणि स्वोर्डटेल हे चार मासे जड पाण्यात खुशाल राहतात. ते अंडी घालत नाहीत, थेट पोहणारी पिल्ले देतात. गप्पी तर तुमच्या ओळखीचा आहे. आरोग्य खात्याची माणसे डासांच्या अळ्या खाण्यासाठी डबक्यात सोडतात, तोच हा मासा. मूळचा तो वेनेझुएला-त्रिनिदादकडचा. दुकानातला रंगीत पंख्यासारख्या शेपटीचा गप्पी याच जातीतून निवड करून तयार झाला आहे.

आता तुम्ही म्हणाल, मग डबक्यातलाच आणून वाढवू! तसे करू नका. डबक्यातला नर रंगीत मादीजवळ गेला की पुढच्या पिढीचा रंग बिघडलाच म्हणून समजा. गप्पीची मादी एकदा नराशी संग झाला की ते बीज अंगात साठवून ठेवते आणि पुढचे कित्येक वेत त्यावरच देते. म्हणून एका टाक्यात एकाच रंगाचा वाण ठेवा. तीन-चार आठवड्यांत नर-मादी ओळखू येऊ लागतात, त्याच वेळी दोघांची टाकी वेगळी करा.

बीजाचे मासे घेताना पाठ सरळ, पंख उघडे, अंगावर पांढरे ठिपके नाहीत आणि टाकलेल्या खाद्यावर झडप घालतो, असा मासा घ्या. कोपऱ्यात मान खाली घालून बसलेला मासा फुकट मिळाला तरी नको.

गोल्डफिश आणि फायटर यांचे काय? गोल्डफिशला खप आहे, थंडीही तो सोसतो. पण त्याला जागा जास्त लागते आणि आईबाप स्वतःचीच अंडी खातात. फायटरचे नर एकमेकांना फाडतात, म्हणून वाढत्या प्रत्येक नराला वेगळी बाटली आणि रोजचे पाणी. हे दोन्ही दुसऱ्या वर्षी करा.

आता हिशेब. समजा गप्पीच्या 10 माद्या आहेत. साधारण चार आठवड्यांनी एक वेत, आणि सरासरी 25 पिल्ले धरली, तर महिन्याला 250 पिल्ले. आईने खाल्लेली, मेलेली वजा केली तरी तीन महिन्यांत पाचशेच्या घरात मासे होतात. 3 फूट लांब, 2 फूट रुंद, दीड फूट पाण्याच्या टाक्यात सुमारे 250 लिटर पाणी मावते. त्यात हे सारे दाटीने गुदमरतील. म्हणजे अडचण पैदाशीची नाही, विक्रीची आहे. म्हणून मासे आणण्याआधी नारायणगाव, मंचर किंवा पुण्याकडच्या दुकानदारांना तीन प्रश्न विचारा : दर आठवड्याला कोणता मासा जातो? किती मोठा लागतो? एका वेळी किती घ्याल? उत्तर मिळेल तीच जात, तेवढीच टाकी.

काही सावधगिरी. नवे सिमेंटचे टाके दोन-तीन आठवडे पाणी बदलत मुरवा. टीसीएल टाकलेले नळाचे पाणी उघड्या टाकीत 24 तास ठेवून मगच वापरा. द्राक्ष-टोमॅटोच्या फवारणीची बादली किंवा मग टाक्याजवळ आणू नका. कीटकनाशकाचा अंशही माशाला पुरतो. थंडीत रात्री टाके झाका. पाणी 18 अंशांखाली गेले की गप्पी खाणे सोडतो आणि रोग पडतो.

आणि नको झालेले मासे विहिरीत, ओढ्यात, कालव्यात कधीही सोडू नका. आपल्या कुकडीचे पाणी घोडमधून भीमेत आणि पुढे उजनीत जाते. काच साफ करायला लोक पाळतात तो सकर मासा उजनीत कोळ्यांच्या जाळ्यात येऊ लागला, तो असाच कुणी सोडलेला. त्याला खप नाही, वर काट्यांनी जाळी फाटतात. आपल्या छंदाची किंमत दुसऱ्याच्या पोटाने का मोजावी?

2020 साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत परसातल्या शोभिवंत मासे संगोपनासाठी 3 लाख रुपये खर्चाचा घटक ठेवलेला होता. त्यात सर्वसाधारण गटाला 40 टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान होते. सध्या अर्ज घेतात का, ते जिल्हा मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारा. मात्र अनुदानावर नजर ठेवून सुरुवात करू नका. दोन टाकी, एक जात, एक वर्ष. तेवढ्यात हात बसला आणि गिऱ्हाईक टिकले, तर पुढचे टाके माशांच्याच पैशातून बांधा.