आपली शाखा सांभाळा, शेजारची ऐका



महाराष्ट्रातून आलेल्या, तसेच पुसा, फरिदाबाद, मानेसर येथील प्रयोगशाळांतून वेळ काढून आलेल्या आपणा सर्व मराठी विज्ञानकर्मींचे या परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने राजधानीत मनःपूर्वक स्वागत करतो.

नोंदणी करताना प्रत्येकाने आपली शाखा लिहिली आहे. ही प्रथा जुनी आहे. 1914 साली कोलकात्यात भारतीय विज्ञान काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा 35 निबंध सहा शाखांत वाटले होते: वनस्पती, रसायन, मानववंश, भूगर्भ, भौतिक आणि प्राणिशास्त्र. आज तिथे 14 शाखा आहेत. शाखा हवीच. निबंध जाणकारांपुढे वाचला गेला, तरच त्यातली चूक जागच्या जागी पकडली जाते आणि नव्या संशोधकाला खरा टीकाकार भेटतो.

पण चांगले काम एका शाखेत मावतेच असे नाही. याच दिल्लीत 1947 साली पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली विज्ञान काँग्रेस भरली. तिच्या मानववंशशास्त्र शाखेच्या अध्यक्षा होत्या इरावती कर्वे. शाखा एकच, पण बाईंचे काम मानवी शरीराच्या मोजमापापासून नातेसंबंधांच्या अभ्यासापर्यंत पसरलेले. गुजरातमध्ये लांघणजला पुरातत्त्वज्ञ सांकलियांबरोबर अश्मयुगीन अवशेषांच्या शोधातही त्या होत्या.

असेच दुसरे नाव पां. वा. सुखात्मे यांचे. पिकाचा अंदाज नजरेने बांधण्याऐवजी त्यांनी पीककापणी प्रयोगांचा आग्रह धरला. यदृच्छेने शेत निवडायचे, त्यात ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापायचे, मळायचे आणि तोलायचे. हे संख्याशास्त्र की कृषिशास्त्र? दोन्ही. कृषी संशोधन परिषदेत त्यांनी वाढवलेल्या संख्याशास्त्र विभागातूनच पुढे पुसाची कृषी सांख्यिकी संशोधन संस्था उभी राहिली.

म्हणूनच समितीने सकाळची सत्रे शाखावार ठेवली आहेत आणि दुपारची सर्वांसाठी एकत्र. प्रदूषित हवा, यमुनेचे पाणी, पिकांवरचा उष्म्याचा ताण हे प्रश्न कोणत्याही एका शाखेच्या आवाक्यातले नाहीत. रसायनशास्त्रज्ञाने हवेतले घटक सांगावेत, वैद्याने फुप्फुसांवरचा परिणाम, संख्याशास्त्रज्ञाने त्या आकड्यांवर कितपत विसंबावे ते.

व्यवस्थेत काही उणे राहिले, तर सांभाळून घ्यावे. माझी विनंती एवढीच: दुपारच्या सत्रात आपल्या शाखेबाहेरच्या किमान एका वक्त्याला प्रश्न विचारा, आणि तरुण संशोधकांना आधी बोलू द्या.