गॅस गीझर, बंद बाथरूम आणि रक्तातला समतोल

आज खरं तर दुसराच विषय ठरला होता. पण थंडी पडायला लागली आणि दरवर्षी या दिवसांत माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरते, म्हणून तो भाग पुढे ढकलला. आज केमिस्ट्री. पळू नका, बारावीवाली नाही. म्हणजे तीच आहे, पण बाथरूममधली.

तीन वर्षांपूर्वीची डिसेंबरमधली सकाळ. पुण्यात आम्ही तिघं भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मी, ऑफिसातला एक मित्र आणि माझा मावसभाऊ. बाथरूममध्येच गॅस गीझर. वर एक छोटी खिडकी होती, तिच्यातून गार वारा यायचा, म्हणून आम्ही तिला पुठ्ठा लावून सेलोटेप मारली होती. आम्हीच. हे मुद्दाम सांगतोय, कारण नंतर घरमालकावर चिडणं फार सोपं होतं.

मित्राची आंघोळ झाली, मग माझी. माझं डोकं जरा जड झालं होतं. मला वाटलं, रात्री उशिरापर्यंत डिप्लॉयमेंट चालू होतं, झोप झाली नाही. मग भाऊ गेला. दहा-पंधरा मिनिटांनी बादली आपटल्याचा आवाज आला. हाक मारली, उत्तर नाही. कडी आतून. दोघांनी मिळून दार तोडलं, गीझर बंद केला, त्याला ओढत हॉलमध्ये आणलं, खिडक्या उघडल्या. थोडा शुद्धीवर आला, पण काहीतरी बरळत होता.

आता माझी चूक ऐका. घरात कोविडच्या वेळचा ऑक्सिमीटर होता. तो बोटाला लावला. आकडा आला ९९. मी म्हटलं, चला, ऑक्सिजन तर एक नंबर आहे, बीपी लो झालं असेल, लिंबूसरबत देऊ. अर्धा तास मी त्या ९९वर विश्वास ठेवून बसलो. शेवटी मित्र म्हणाला, हा अजून नीट बोलत नाहीये, चल, गाडी काढ. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “घरात गॅस गीझर आहे का?” आणि ऑक्सिमीटरकडे बघितलंही नाही, थेट ऑक्सिजनचा मास्क लावला.

भाऊ वाचला, ठणठणीत आहे. पण तो ९९चा आकडा मला पुढे कित्येक महिने छळत होता. मग मी वाचायला बसलो.

सुरुवात ज्योतीपासून करू. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. ब्युटेनचा एक लिटर वायू पूर्ण जळायला साडेसहा लिटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे साधारण ३१ लिटर हवा. आता हिशोब करू. मिनिटाला सहा लिटर पाणी २५ अंशांनी तापवायचं तर सुमारे साडेदहा किलोवॉट लागतात. थोडी उष्णता वाया जाते हे धरलं, तर गॅस जळतो मिनिटाला १६ ग्रॅमच्या आसपास आणि हवा लागते मिनिटाला २०० लिटर! पाच बाय सात फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम घ्या. त्यात हवा असते साधारण ८००० लिटर. खिडकीला पुठ्ठा, दार बंद. दहा मिनिटं गीझर चालला की २००० लिटर हवेतला ऑक्सिजन संपला. म्हणजे पाव भाग. दाराच्या फटीतून थोडी हवा येते, ठीक आहे. पण आम्ही तिघं एकामागून एक आंघोळ करत होतो.

ऑक्सिजन कमी पडला की ज्योत विझत नाही लगेच, ती अर्धवट जळते. कार्बनला दोन ऑक्सिजनऐवजी एकच मिळतो. कार्बन डायऑक्साइडऐवजी कार्बन मोनॉक्साइड, थोडक्यात सीओ. इथे ऊर्जेची गंमत बघा. एक मोल कार्बन पूर्ण जळला तर ३९४ किलोज्यूल उष्णता मिळते. सीओपर्यंतच थांबला तर फक्त १११. उरलेले २८३ त्या सीओच्या आतच अडकून राहतात. म्हणजे पैसे सिलिंडरचे पूर्ण भरले, त्या कार्बनची उष्णता पाव-एक मिळाली आणि वर विष फुकट. आणि सिलिंडरमध्ये गळती कळावी म्हणून वास मिसळलेला असतो, तसं इथे काही नाही. सीओला वास नाही, रंग नाही.

आता हा सीओ रक्तात शिरतो आणि इथे समतोल येतो. शाळेत आपल्याला समतोल म्हणजे ‘अभिक्रिया थांबली’ असं वाटायचं. थांबत काही नाही. दोन्ही दिशांनी चालूच असते, फक्त जाणाऱ्यांचा आणि येणाऱ्यांचा वेग सारखा होतो. हिमोग्लोबिनला चार सीटची शेअर रिक्षा समजा. फुप्फुसात ऑक्सिजन बसतो, पेशींपाशी उतरतो. पटकन चढतो, पटकन उतरतो. सीओ चढायला उलट ऑक्सिजनपेक्षा संथ आहे. पण एकदा बसला की उतरायचं नाव घेत नाही. चढण्याचा आणि उतरण्याचा वेग यांच्या गुणोत्तरावर समतोल ठरतो, म्हणून हिमोग्लोबिनची सीओबद्दलची ओढ ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त भरते. वर हा एक प्रवासी बसला की शेजारचे ऑक्सिजनही नीट उतरत नाहीत. रिक्षा भरलेली दिसते, फिरतेय, पण स्टॉपवर कुणीच उतरत नाही.

२१० पट धरून चला, गणित सोपं होतं. हवेत ऑक्सिजन २१ टक्के. २१ला २१०ने भागा, आलं ०.१ टक्का. म्हणजे हवेत फक्त ०.१ टक्का सीओ असेल आणि तुम्ही तिथेच बसून राहिलात, तर समतोलाला निम्मं हिमोग्लोबिन सीओच्या ताब्यात जातं. हजार भागांत एक भाग! हा समतोल गाठायला काही तास लागतात, पण अर्ध्या वाटेवरच माणूस कोसळतो. आणि बंद बाथरूममध्ये सीओ याहून कितीतरी वर जाऊ शकतो, तेव्हा मिनिटं पुरतात.

हे गुणोत्तर शोधणाऱ्यांपैकी एक होते जॉन स्कॉट हाल्डेन. खाणीत माणसं का मरतात हे समजून घ्यायला हा माणूस स्वतःच सीओ हुंगत बसायचा आणि मधेमधे स्वतःचं रक्त तपासायचा. अगदी वेडा माणूस. त्यांचा मुलगा जे. बी. एस. हाल्डेन पुढे भारतात येऊन राहिला, इथला नागरिक झाला आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारला.

१८९५च्या आसपास हाल्डेननी उंदरांवर प्रयोग केला. दुप्पट दाबाच्या ऑक्सिजनमध्ये उंदीर ठेवला, सोबत सीओ सोडला. हिमोग्लोबिन सीओने व्यापलं, तरी उंदीर जिवंत! कारण इतक्या दाबाखाली रक्ताच्या पाण्यातच पुरेसा ऑक्सिजन विरघळला होता, रिक्षाची गरजच उरली नाही.

आणि उपचारही याच समतोलावर चालतो. ले शातेलिएचं तत्त्व आठवतंय? समतोलाला एका बाजूने ढकललं की तो ढकलणं कमी करायच्या दिशेला सरकतो. बारावीला मी हे एका मार्कासाठी पाठ केलं होतं. सीओचं हिमोग्लोबिनला चिकटणं उलट फिरू शकतं, हीच आपल्या नशिबाची गोष्ट. ऑक्सिजन वाढवा, सीओ हळूहळू बाहेर ढकलला जातो. साध्या हवेत रक्तातला सीओ निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर तास-दीड तास. जास्त दाबाच्या चेंबरमध्ये वीस-तीस मिनिटं. मी लिंबूसरबतात घालवलेला अर्धा तास या हिशोबात कुठे बसतो, ते मला चांगलं कळतं.

आता त्या ९९बद्दल. बोटावरचा साधा ऑक्सिमीटर दोन रंगांचा प्रकाश टाकतो आणि रक्त किती लालबुंद आहे त्यावरून आकडा काढतो. सीओ बसलेलं हिमोग्लोबिनही लालबुंदच दिसतं. त्याला फरकच कळत नाही. सीट भरली आहे एवढंच दिसतं, कोण बसलंय ते नाही. आमच्या भाषेत सांगायचं तर डॅशबोर्ड हिरवा आणि सर्व्हर आडवा. खरा आकडा रक्त काढून, वेगळ्या तपासणीतच येतो.

तर ज्यांच्या रूमवर, पीजीवर, गावाकडच्या घरी गॅस गीझर आहे, त्यांच्यासाठी. गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्या. ते होईपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मग आंघोळीला जा. खिडकी बुजवू नका. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसली तर मेकॅनिकला बोलवा, तोवर वापरू नका. आंघोळीनंतर डोकं जड, मळमळ, घरातल्या दोघा-तिघांना एकदम तसंच, असं झालं तर झोप झाली नाही असं समजू नका. कुणी आत पडलं तर आधी मोकळ्या हवेत आणा, हॉस्पिटल गाठा आणि गेल्या गेल्या सांगा, घरात गॅस गीझर आहे. ऑक्सिमीटर काहीही म्हणो.

भाऊ आता नाशिकला असतो. माझ्याकडे आला की आधी बाथरूमची खिडकी बघून येतो, मग बूट काढतो. हा भाग रेकॉर्ड करतोय म्हटल्यावर त्याने एवढंच सांगितलं, “लिंबूसरबताचं नक्की सांग.” सांगितलं रे बाबा.

पुढचा भाग दोन आठवड्यांनी. तोवर तुमच्या रूमवर गीझर कुठे बसवलाय ते मला नक्की कळवा.