सरळ अंतर आणि प्रवासाची वेळ

घाटाच्या पायथ्याच्या वैशाखरे गावाहून घाटमाथ्याला दोन वाटा जातात. नाणेघाटाची दगडी चढण थेट वर नेते, गाडीरस्ता माळशेजचा वळसा घेतो. कोणत्या वाटेने किती वेळ लागेल, हे नुसत्या अंतरावरून ठरत नाही. विमानप्रवासातही सरळ अंतर पाहून वेळ कळत नाही.

मुंबई ते नागपूर सरळ अंतर सुमारे ६८० किलोमीटर. ताशी ८०० किलोमीटर वेगाने ते तासाभरात संपायला हवं, पण वेळापत्रकात साधारण दीड तास असतो. कारण विमान जागेवरून हललं की वेळ मोजला जातो. धावपट्टीपर्यंतची चाल, चढण, उतरण सगळं त्यात येतं. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचे जोरदार वारे वाहतात, म्हणून नागपूरला जाताना वेळ वाचतो आणि परतताना जास्त लागतो.

तेव्हा घरून निघताना विमानतळापर्यंतच्या रस्त्याचा वेळही आवर्जून हाताशी ठेवा.