बंधाची मात्रा



बालाघाटाच्या माथ्यावर, कपिलधारच्या यात्रेकरूंना परिचित असलेल्या या मांजरसुंब्यात, मी पदार्थविज्ञानाविषयी चार शब्द बोलणार आहे.

आपल्या पायाखालचा काळा बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून तयार झाला, आणि त्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग सिलिका, म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजन यांचे संयुग आहे. या संयुगात इलेक्ट्रॉन इतके घट्ट जखडलेले असतात की विजेच्या वहनास ते मोकळे राहत नाहीत. परंतु सिलिकेचेच रूप असलेला शुभ्र क्वार्ट्झ भट्टीत कोळशासह तापवून त्यातला ऑक्सिजन काढून घेतला आणि उरलेले सिलिकॉन कसोशीने शुद्ध केले, म्हणजे त्याचा प्रत्येक अणू आपले चार संयुजा इलेक्ट्रॉन चार शेजाऱ्यांशी जोडीने वाटून घेतो, व तेथे विलक्षण गुण प्रकट होतो.

हिऱ्यातील कार्बनची रचनाही हुबेहूब अशीच आहे. मात्र तेथील बंधातून इलेक्ट्रॉन मुक्त करण्यास सुमारे 5.5 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते, तर सिलिकॉनमध्ये अवघी 1.1. दृश्य प्रकाशाच्या एकेका कणाजवळ साधारण 1.6 ते 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा असल्यामुळे, हिऱ्यातून जो प्रकाश आरपार निघून जातो, तोच सिलिकॉनमधील बंध सोडवतो. पाच संयुजा इलेक्ट्रॉनांचा फॉस्फरस एका थरात आणि तीन इलेक्ट्रॉनांचा बोरॉन दुसऱ्या थरात अत्यल्प प्रमाणात मिसळला, की दोहोंच्या सीमेवर निर्माण होणारे विद्युतक्षेत्र मुक्त इलेक्ट्रॉनांना एका दिशेस लोटते. आपल्या शिवारातील सौरपंप विहिरीचे पाणी उपसतो तो याच बंदोबस्ताच्या बळावर.

विद्यार्थी मित्रहो, बंध अतिदृढ असेल तर पदार्थ जड राहतो, अतिशिथिल असेल तर त्यावर आपला अंमल चालत नाही. उपयुक्तता मात्रेत असते, आणि ती मात्रा मोजून जाणणे हेच खरे विद्यार्जन होय. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की, एक लहानसे सौर पॅनेल उन्हात ठेवून मल्टिमीटरने त्याचा विद्युतदाब मोजा, त्यास पॅनेलमधील सौरघटांच्या संख्येने भागा, आणि एका घटाच्या वाट्यास अर्ध्या व्होल्टच्या आसपासच दाब का येतो, 1.1 का येत नाही, हा प्रश्न आपल्या शिक्षकांना निःसंकोच विचारा. त्याच्या उत्तराचा पिच्छा पुरवण्याची चिकाटी आपणा सर्वांस लाभो, हीच शुभेच्छा.