ऑफिसच्या टेबलावर गाणं

ऑफिसात गाणी ऐकण्यासाठी हेडफोन कोणता घ्यावा? मागून उघड्या कपांचा हेडफोन कानाला मोकळा वाटतो, तानपुरा त्यात सुरेख पसरतो; पण तुमचं गाणं शेजारच्या टेबलावरही ऐकू जातं. म्हणून बंद कपांचाच घ्या. गोंगाट शमवणारा हेडफोन मायक्रोफोनने बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या उलट लहरी कानात सोडतो. एसीची सलग घरघर त्याने बरीच कमी होते, माणसांचं बोलणं मात्र तितकं नाही. चष्मा असेल तर कपांची गादी मऊच हवी. आणि आवाज? जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. पाच दिवस आठ-आठ तास ऐकलं, की ती ऑफिसातच संपते. लोकलमध्ये, घरीही ऐकणार असाल, तर आवाज त्याहून खालीच ठेवा.