गोळ्यांचा डबा भरताना

(रविवारच्या बैठकीत कामगार बांधवांसमोर केलेलं भाषण)



आठवड्याची एकच सुट्टी, तरी तुम्ही आलात. म्हणून लांबण लावत नाही. विषय साधा आहे. सिंगापूरला येताना औषधांचा डबा कसा भरायचा? ज्यांचे भाऊ, मेहुणे, गाववाले यायचे आहेत, त्यांनी आज रात्रीच त्यांना फोन करून हे सांगावं.

मी पहिल्यांदा निघालो तेव्हा आईने अर्धी बॅग औषधांनीच भरली होती. त्यात खसखशीची पुडीसुद्धा होती. इथे राहून गेलेल्या एका शेजाऱ्याने ती बाहेर काढायला लावली, म्हणून वाचलो. आपल्याकडे अनारशाला लागणारी खसखस इथे आणायला बंदी आहे, कारण तिच्यात अफूचा अंश असू शकतो. गुटखा, खैनी, जर्दा यांच्यावरही २०१६ पासून बंदी आहे. भांग घातलेलं चूर्ण, वडी काहीही आणू नका. "आयुर्वेदिक आहे साहेब" हे उत्तर इथे चालत नाही.

कोडीन असलेलं खोकल्याचं औषध आणि डायझेपामसारख्या झोपेच्या गोळ्या यांना निघण्याआधीच इथल्या आरोग्य विज्ञान प्राधिकरणाची, म्हणजे एचएसएची परवानगी लागते. बीपी, शुगरच्या नेहमीच्या गोळ्या स्वतःपुरत्या तीन महिन्यांच्या आणता येतात. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. पट्टी अशी कापू नका की नाव आणि तारीखच निघून जाईल. रोजची गोळी हातातल्या बॅगेत, कात्री मात्र मोठ्या बॅगेत.

बाकी डबा छोटाच ठेवा. पॅरासिटामॉल, ओआरएसची पाकिटं, चिकटपट्ट्या, गॉज, बँडेज, जखम धुवायचं अँटिसेप्टिक, एवढं पुष्कळ झालं. उन्हात काम करून जुलाब-उलट्या लागल्या तर ओआरएस लागतंच. एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच घाला, ग्लासात नाही. क्रोसिन संपली तर घाबरू नका, इथे पॅनाडॉल मागा, औषध तेच. ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या २४ तासांत आठच्या वर नकोत. सर्दीच्या गोळीतही बऱ्याचदा तेच औषध असतं, तीही हिशेबात धरा.

आता एक महत्त्वाचं. ताप आला की आपण कॉम्बिफ्लाम घेतो. त्यात आयबुप्रोफेन असतं. इथे डेंग्यू आहे. डेंग्यूत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा तापात फक्त पॅरासिटामॉल, आणि ताप उतरला नाही तर डॉक्टर. डॉर्ममध्ये राहणाऱ्या वर्क परमिटवाल्यांसाठी एप्रिल २०२२ पासून आरोग्य योजना आहे. तिच्या केंद्रात दाखवायला आपल्या खिशातून ५ डॉलर जातात. पाच डॉलर वाचवायला जीव टांगणीला लावू नका.

आता ज्यासाठी खरं बोलायला उभा राहिलो, ते सांगतो. हा डबा किरकोळ दुखण्यासाठी आहे. कामावरची जखम लपवण्यासाठी नाही.

माझ्या हातावर एकदा लोखंडी पट्टी पडली. सुपरवायझर म्हणाला, "रिपोर्ट कशाला? रूमवर जा, पट्टी बांध, उद्या ये." मी ऐकलं. हळद लावली, बँडेज गुंडाळलं, पेनकिलर खाऊन पाच दिवस काम केलं. सहाव्या दिवशी बोट वाकेना. डॉक्टरांनी विचारलं, "कधी लागलं? कुठे लागलं? कोणी पाहिलं?" माझ्याकडे ना कागद, ना फोटो. बोट आजही पुरतं मिटत नाही.

तेव्हा मला माहीत नव्हतं, ते तुम्ही आज लक्षात ठेवा. इथे कामावरच्या दुखापतीच्या भरपाईचा कायदा आहे, विका म्हणतात त्याला. चूक तुमची असली तरी हक्क जात नाही. औषधोपचाराचा खर्च आणि एमसीच्या दिवसांचा पगार मालकाने द्यायचा असतो. दावा अपघातापासून एका वर्षाच्या आत करावा लागतो. परमिट रद्द झालं म्हणून दावा बुडत नाही.

म्हणून लागलं की आधी साईटवरच्या प्रथमोपचारवाल्याला बोलवा. २५ पेक्षा जास्त माणसं असतील तिथे असा शिकलेला माणूस असायलाच हवा. भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा, टूथपेस्ट नको. ओलं सिमेंट डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि डॉक्टर गाठा. मोठं काही झालं तर ९९५ वर ॲम्ब्युलन्स. मग जखमेचा आणि जागेचा फोटो, तारीख-वेळ, सोबत कोण होतं त्यांची नावं. सुपरवायझरला मेसेज लिहूनच पाठवा. आणि डॉक्टरांना सरळ सांगा, "कामावर लागलं." कोणी "रूमवर घसरलो म्हण" असं शिकवलं तरी म्हणू नका. त्या एका वाक्यावर तुमचा दावा अडकू शकतो.

तेव्हा डब्यात एक वही आणि पेन पण ठेवा. पहिल्या पानावर आपला रक्तगट, कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे ते, आणि घरचा नंबर लिहा. एमसीचा प्रत्येक कागद त्याच वहीत ठेवा आणि फोटो काढून घरी पाठवा.

पट्टी जखम झाकते, मंडळी. हक्क झाकू देऊ नका.